दोघे, दोघी, दोन

'माय वावरात गेलं.'

चौथीतल्या एका कोलाम पोराने वहीत हे वाक्य लिहिलं आणि मी त्यावर लाल शाईची रेघ ओढली. वर 'गेली' लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आठवड्याने पुन्हा तेच. बाप मात्र कधी चुकत नसे. बाप 'गेला', भाऊ 'आला', पाटील 'बसला'. घोळ व्हायचा तो माय, बहीण, आजी यांच्यापाशी. एकदा वैतागून मी वर्गासमोर विचारलं, "काऊन रे, माय काय बकरी हाय का?" पोट्टे हसले. तोही हसला, पण मान खाली घालून. बकरीसुद्धा मराठीत 'गेलं' नसते, 'गेली'च असते, हे गुरुजींच्या डोक्यात आलं नाही.

ही 1980 सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो. एकशिक्षकी शाळेवर नेमणूक होती आणि पांढरकवड्याहून सायकलने पोडावर जायचो. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. मूळ गावापासून फटकून, जंगलाच्या कडेला. मधोमध चावडी, भोवती कुडाची घरं, अंगणात बांबूच्या कामट्या आणि अर्धवट विणलेल्या टोपल्या. त्या पोराचं नेमकं काय चुकत होतं, ते मला कळलं निवृत्त झाल्यावर. तेही आमच्या तालुक्यातल्या कुणी सांगितलं नाही. कॅनडात जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियात शिकवणाऱ्या एका माणसाच्या पुस्तकाने सांगितलं.

आधी आमचा मुलूख सांगतो. नागपूरहून हैदराबादला जाणारा हमरस्ता, पूर्वीचा सात नंबर आणि आताचा चव्वेचाळीस, पांढरकवड्यावरून जातो. तालुक्याचं नाव केळापूर, कचेऱ्या मात्र पांढरकवड्याला. गावाला खुनी नदी, एका अंगाला टिपेश्वरचं जंगल. दक्षिणेला पाटणबोरी, त्यापुढे पैनगंगा, आणि पलीकडे आदिलाबादचा तेलुगू मुलूख. आमच्या बाजारात उभं राहिलं की वऱ्हाडी, तेलुगू, गोंडी, बंजाऱ्यांची गोरमाटी आणि कोलामी अशा पाच बोली कानावर पडतात. त्यातल्या चारांना कुणी ना कुणी ओळखतं. कोलामीला मात्र सगळे 'त्यांची भाषा' म्हणतात. लहानपणी मीही तिला गोंडीचाच एक प्रकार समजत होतो.

तसं समजणारा मी पहिला नव्हतो. कोलामीचे शब्द कागदावर उतरवण्याचा उद्योग दीडशे वर्षांपूर्वी सुरू झाला. नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी होते. त्यांच्या नावाचं कॉलेज आजही आहे. 1863 साली पूर आलेली नदी ओलांडताना ते बुडून गेले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली छापले. त्यात मध्य प्रांतातल्या आदिवासी बोलींच्या शब्दांचे तक्ते आहेत आणि कोलामीलाही एक रकाना मिळालेला आहे. 1897 साली वऱ्हाडातले इंग्रज अधिकारी वुल्सी हेग यांनी गोंडी आणि कोलामी शब्द शेजारी शेजारी मांडून एक तौलनिक यादी बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिली. मग आलं ग्रियर्सनचं भाषा सर्वेक्षण. त्याचा चौथा खंड, मुंडा आणि द्रविड भाषांचा, 1906 साली निघाला. तो नॉर्वेच्या स्टेन कोनो यांनी तयार केला होता. 

या सर्वेक्षणाची रीत मास्तरी डोळ्याने पाहावी अशी आहे. प्रत्येक बोलीत बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट सांगून घ्यायची आणि 241 ठरावीक शब्दांची व वाक्यांची यादी भरून घ्यायची. गोष्टीची सुरुवातच अशी, की एका माणसाला दोन मुलगे होते. यादीतही 'दोन बाप', 'दोन मुली' अशी रूपं मागितलेली. कोलामीसाठी हा सापळा नकळत अगदी बरोबर जागी लागला होता. का, ते पुढे सांगतो.

ज्यांचं पुस्तक मी म्हणतो ते मरे बार्नसन एमेनो. जन्म 1904 चा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या लुनेनबर्ग या बंदराच्या गावचा. ऑक्सफर्डला शिकून ते अमेरिकेत येल विद्यापीठात आले आणि फ्रँकलिन एजर्टन यांच्याजवळ संस्कृत शिकले. 1931 सालच्या त्यांच्या डॉक्टरेटचा विषय ऐकून मला हसू आलं होतं: वेताळपंचविशी. जंभलदत्त नावाच्या लेखकाने सांगितलेली तिची संस्कृत प्रत त्यांनी संपादून, भाषांतर करून 1934 साली छापली. आपल्याकडे ही गोष्ट पोरांना झोपवताना सांगतात. पण तिचं हाड तर्कशास्त्राचं आहे. खांद्यावरचा वेताळ पेच टाकतो: तिघांपैकी खरा नवरा कोण, जास्त मोठ्या मनाचा कोण? उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोकं फुटेल; बोललास तर वेताळ पुन्हा झाडावर. ज्याची सुरुवात अशा कोड्यांपासून झाली, तो पुढे माणसं विचार कसा करतात आणि तो शब्दांत कसा बांधतात याच्या मागे लागला, यात नवल नाही.

येलमध्ये तेव्हा एडवर्ड सपीर होते. भाषा आणि माणसाचं मन यांचा एकत्र विचार करणारे त्या काळातले मोठे अभ्यासक. बेंजामिन ली व्हॉर्फ त्यांच्याच मंडळीतले. आपण जी भाषा बोलतो ती आपल्या विचारालाही वळण लावते, हे मत पुढे या दोघांच्या नावाने गाजलं. सपीर यांची शिकवण अशी, की लिखाण नसलेली भाषा शिकायची तर तिच्या बोलणाऱ्यासमोर बसा. एमेनो 1935 ते 1938 भारतात राहिले. बहुतेक काळ निलगिरीत तोडा आणि कोटा लोकांजवळ, काही काळ कोडगूंमध्ये. आणि त्याच मुक्कामात ते आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात येऊन कोलामांसमोर बसले.

त्या वर्षांतलं वर्धा डोळ्यांसमोर आणावं. गांधीजी 1936 साली सेवाग्रामात राहायला आले होते. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली. मुलांचं शिक्षण मातृभाषेतून व्हावं असं तिथे ठरलं आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. एकाच जिल्ह्यात, जवळजवळ एकाच वेळी, कुणी मातृभाषेचा ठराव करत होतं आणि कुणी ज्या मातृभाषेला लिपी नाही तिचे ध्वनी टिपत होतं. दोन्ही कामं चांगलीच. पण मी डी.एड. करताना पहिलं पाठ केलं, दुसऱ्याचं नावही ऐकलं नाही. आणि पोडावर जाऊन मातृभाषा म्हणून शिकवली ती माझी.

एमेनोंचं कोलामीवरचं पुस्तक 1955 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने काढलं. पण त्याच्या पाच वर्षं आधी कोलामीचं एक व्याकरण छापलं गेलं होतं, आणि ते लिहिणारा माणूस मराठी वाचकांच्या चांगल्या ओळखीचा आहे: सेतुमाधवराव पगडी. शिवकालाचे, मोगलांच्या कागदपत्रांचे अभ्यासक म्हणून आपण त्यांना मानतो. मूळचे निलंग्याचे पगडी हैदराबाद संस्थानात अधिकारी होते आणि नोकरीने त्यांना पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या आदिवासी मुलखात नेलं होतं. 1940 साली कुमराम भीम यांचा उठाव झाला होता, त्यात ते मारले गेले होते, आणि त्या धक्क्यानंतर सरकारला आदिवासींची दखल घ्यावी लागली होती. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने मार्लवाई इथे गोंडी शिक्षक तयार करण्याचं केंद्र निघालं. अशा दिवसांत पगडी गोंडी शिकले, कोलामी शिकले आणि दोन्हींवर लिहिलं. एमेनोंनी आपल्या पुस्तकात पगडींच्या सामग्रीचाही उपयोग केला. 'जीवनसेतू' लिहिणाऱ्या माणसाने असाही एक सेतू बांधला आहे, हे आमच्या तालुक्यात फारसं कुणाला ठाऊक नाही. मलाही नव्हतं.

निवृत्तीनंतर नागपूरच्या एका नातेवाइकाने मला एमेनोंच्या पुस्तकाच्या झेरॉक्स आणून दिल्या. माझं इंग्रजी कामापुरतं. शब्दकोश शेजारी ठेवून रोज एक-दोन पानं वाचायचो. ओळखीचे शब्द दिसले की गंमत वाटे. 'एल्ला' म्हणजे घर, 'किस' म्हणजे आग, 'पुल' म्हणजे वाघ, 'ईर' म्हणजे पाणी. हे शब्द माझ्या वर्गात रोज उडत होते आणि मी "मराठीत बोला" म्हणून पट्टी आपटत होतो.

मग लिंगाचं पान आलं, आणि मला ती वही आठवली.

कोलामीत क्रियापदाला जगाचे दोनच भाग माहीत आहेत: पुरुष, आणि बाकी सगळं. बाप गेला याला एक रूप. माय, बैल, पाऊस, बंडी या सगळ्यांना दुसरं. मराठीची तीन रूपं त्या पोरासमोर आली तेव्हा त्याने विचार केला. 'गेला' पुरुषांचं, हे त्याच्या भाषेशी जुळलं. 'गेली' आणि 'गेलं' यांत फरक करायचं त्याला कारणच दिसेना. मग त्याने बाकी सगळ्यांसाठी एकच रूप ठरवलं आणि ते नेमाने पाळलं. बकरीसुद्धा त्याच्या वहीत 'गेलं'च असणार. मी तिकडे पाहिलंच नव्हतं. ती चूक होती, पण आळसाची नव्हती. त्याने नियम शोधून काढला होता. मी शाई वापरली आणि नियम पाहिला नाही.

इथपर्यंत येऊन पुष्कळ लोक एक उडी मारतात. कोलामांची भाषा बाईला जनावरांत आणि वस्तूंत घालते, म्हणजे कोलाम बाईला माणूस समजत नाहीत. एका सत्कार समारंभात एका वक्त्याने असंच सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. मी उठून बोलायला हवं होतं. कारण पुस्तकात पुढे आकड्यांचं पान होतं.

कोलामीत 'इद्दर' म्हणजे दोन पुरुष. 'ईरल' म्हणजे दोन बाया. 'इंदिंग' म्हणजे दोन वस्तू. तीन पुरुष 'मुग्गुर', तीन बाया 'मुयल', तीन वस्तू 'मूंदिंग'. चारपर्यंत असं चालतं. पाच-सहाच्या पुढचे आकडे तेलुगूतून आलेले. म्हणजे क्रियापदापाशी बाई 'बाकी सगळ्यां'त बसते, पण मोजताना तिला स्वतःची जागा आहे. ना पुरुषांत, ना वस्तूंत. एकाच भाषेच्या दोन खोल्यांत दोन वेगळे हिशोब. मग कोलाम विचार कशाने करतात, क्रियापदाने की आकड्याने? हा प्रश्नच फसवा आहे. आपण 'ते मूल' म्हणतो म्हणून पोटच्या पोराला टेबलासारखं वागवत नाही. व्याकरण ही फार जुनी वहिवाट असते. चालणाऱ्याच्या मनात काय आहे ते पायवाटेवरून पूर्ण कळत नाही.

आणि हे तीन रकाने मला ओळखीचे का वाटले? झेरॉक्स मांडीवर ठेवून मी मोठ्याने म्हटलं: दोघे, दोघी, दोन. तिघे, तिघी, तीन. चौघे, चौघी, चार. आपलंही चारपाशी थांबतं. पुढे पाचजण, सहाजणी. त्या पोराने 'माय गेलं' हजारदा लिहिलं असेल, पण 'दोन बहिणी' आणि 'दोघी बहिणी' यांत तो कधी अडखळला नाही, हे मला आता आठवलं. 'दोघी'साठी त्याच्या घरात खुंटी आधीच ठोकलेली होती. सर्वेक्षणाच्या यादीतल्या 'दोन बाप', 'दोन मुली' यांचं उत्तर हेच होतं.

इथे मात्र माझा मोह आवरावा लागतो. मराठीने हे कोलामीकडून घेतलं, असं ओरडत सुटावंसं वाटतं. पण वेताळाच्या पेचाप्रमाणे इथेही घाईचं उत्तर महाग पडतं. पाटणबोरीच्या तेलुगू दुकानदाराला विचारा: त्याच्याकडे माणसांना, बाई असो की पुरुष, 'इद्दरु', आणि वस्तूंना 'रेंडु'. दोनच रकाने. उलट बस्तरमधल्या परजी भाषेत, मराठीपासून दूर, पुन्हा तीन रकाने आहेत. तिचा अभ्यास टॉमस बरो आणि सुधिभूषण भट्टाचार्य यांनी 1953 साली छापला. एमेनोंनी कोलामी ताडून पाहिली ती अशा शेजारणींशी, आणि त्यातून हे दिसलं की कोलामी ही गोंडीची पोटबोली नव्हे. ती, नाईकी, परजी आणि गदबा यांचं एक वेगळं कुटुंब आहे. म्हणजे हे तीन रकाने कोलामीच्या घरातलेच जुने. आपले कुठून आले, हा स्वतंत्र तपास.

असा तपास कसा करावा, तेही एमेनोंनीच सांगून ठेवलं आहे. 1956 साली 'लँग्वेज' या नियतकालिकात त्यांनी एक लेख लिहिला: भारत हा एक भाषिक प्रदेश आहे. मुद्दा साधा. वेगळ्या कुळांच्या भाषा शतकानुशतकं शेजारी नांदल्या की एकमेकींच्या सवयी उचलतात. पण तसं म्हणायचं तर नुसतं साम्य दाखवून भागत नाही. ती सवय त्या कुळाच्या लांबच्या नातेवाइकांत नाही, हेही दाखवावं लागतं. आपण 'चहाबिहा', 'भाकरीबिकरी' म्हणतो; तेलुगू माणूस 'पुली-गिली' म्हणतो, वाघबिघ म्हणावं तसं. आपण 'जेवून जा' म्हणतो, दोन क्रिया एका दोऱ्यात ओवतो. द्रविड भाषांतही तशीच ओवणी. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि ऐकणाऱ्याला पोटात घेणारं 'आपण' वेगळं. कोलामीतही दोन 'आम्ही' आहेत. पुढे एमेनोंच्याच कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या, बर्कलीच्या जॉन गंपर्झ यांनी सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये काम केलं आणि 1971 साली रॉबर्ट विल्सन यांच्यासह दाखवलं, की तिथली मराठी, कानडी आणि उर्दू शब्दांनी वेगळ्या राहिल्या, पण वाक्याची घडण जवळजवळ एक झाली. एका गल्लीतल्या माणसांनी विचाराचा साचा वाटून घेतला आणि शब्द मात्र आपापल्या घरचे ठेवले.

एमेनो 1971 साली निवृत्त झाले, पण थांबले नाहीत. बरो यांच्याबरोबर केलेला त्यांचा द्रविड व्युत्पत्तिकोश 1961 साली निघाला होता. त्याची साडेपाच हजारांहून अधिक नोंदींची सुधारलेली आवृत्ती 1984 साली आली, तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. तमिळ आणि कन्नडच्या रांगेत, त्याच मानाने, कोलामी शब्द बसलेले आहेत. 2005 साली, एकशे एक वर्षांचे होऊन ते गेले.

आता माझा कबुलीजबाब. 1991 च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. माझ्या वाट्याला दोन पोडं आली. तक्त्यात मातृभाषेचा रकाना होता, आणि सूचना स्पष्ट होती: लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती लिहा, सांगतील ती लिहा. संध्याकाळ झालेली, चावडीत कंदील, परतीचा रस्ता जंगलातला. मी विचारलं, "मराठी बोलता ना?" ते म्हणाले, "हाव." मी लिहिलं: मराठी. घरामागून घर. खोटं कुणीच बोललं नव्हतं. मी प्रश्न दुसराच विचारला होता.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी 1931-32 साली उझबेकिस्तानच्या शेतकऱ्यांना विचारलं होतं: उत्तरेत जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी, अमुक गाव उत्तरेत आहे, तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? शेतकरी सांगत, आम्ही पाहिली नाहीत, कसं सांगावं. यांना तर्क करता येत नाही, असा अर्थ पुष्कळांनी काढला. पण न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देऊ नये, हाही तर्कच आहे. विचारणाऱ्याने तो ऐकून घ्यावा लागतो. 2011 च्या जनगणनेत कोलामी सांगणारे देशभरात सुमारे 1 लाख 28 हजार भरले. त्या आकड्याकडे पाहिलं की मला माझा कंदील आठवतो. असे कंदील आणखी किती असतील?

गेल्या वर्षी बाजारात तो पोरगा भेटला. आता पन्नाशीचा, टोपल्या विकायला बसला होता. मी विचारलं, "दोन बायांना तुमच्यात काय म्हणता?" तो चमकला, मग हसला. "ईरल. तुमाले कोनं सांगितलं, गुरुजी?" मी म्हटलं, एका पुस्तकात वाचलं. लाल शाईचंही सांगितलं. शाई त्याला आठवत नव्हती. म्हणाला, "बकरीचं ध्यानात हाय."

मला काही सुचेना. म्हणून विचारलं, घरी सगळं बरं ना, माय कशी आहे.

"माय गेलं, गुरुजी. मांगच्या पावसाळ्यात."

मी टोपली हातात घेतली आणि त्याच्या शेजारी खाली बसलो.